आईसाठी चौदा इंच

12 फेब्रुवारी 1978, रविवार. संध्याकाळी 7

आजपासून डायरी. वाचणारा मी एकटाच, तेव्हा खोटं लिहून कोणाला फसवायचं? सगळं खरं लिहायचं.

आठ वर्षांपूर्वी नंबर लावला होता. आज गाडी दारात आली. फियाट. रंग पांढरा. मागितला होता निळा, पण पांढरा जास्त पोक्त दिसतो हे आज लक्षात आलं. नागपुरात धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत ही तिसरी गाडी. पहिल्या दोन डॉक्टरांच्या. ड्राफ्ट्समनची पहिलीच. (हेड ड्राफ्ट्समन.)

पूजा थाटात झाली. आई त्यासाठी परवाच उमरेडहून आली होती. आमच्या घरी नवा माग बसवला की पहिल्यांदा त्यावर घरातली वडीलधारी बाई बसते, मग विणणारा. आईनं गाडीलाही तोच नियम लावला होता. पहाटे अंघोळ, ठेवणीतलं लुगडं, आरतीचं ताट घेऊन गाडीच्या मागच्या दाराशी उभी. तेवढ्यात धारपुरेसाहेब आले! आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. बोलावलं होतं, पण खरंच येतील असं वाटलं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाला ताटकळत कसं ठेवणार? मी दार उघडलं, साहेब बसले, त्यांना एक चक्कर मारून आणली. उतरताना म्हणाले, गुड सस्पेन्शन, सोनकुसरे.

आईकडे बघून साहेबांनी विचारलं, या कोण? मी म्हणालो, गावाकडच्या आहेत. सविस्तर सांगत बसलो असतो तर चहा गार झाला असता.

साहेब गेल्यावर मी बायकोला, पुष्पलताला, सांगितलं, आता आईला बसव, मी चक्कर मारून आणतो. ती आत जाऊन एकटीच बाहेर आली. आईचा निरोप होता : 'त्याची गाडी लय उंच हाय म्हना. माहे गुडघे नाही चढत.'

दुपारी जावई नत्थू आला आणि आईला पाचपावलीला भागीरथाच्या घरी घेऊन गेला. भागीरथा माझी धाकटी बहीण. दोन खोल्या, त्यातल्या एकीत माग. तिथून आई उमरेडला परत जाणार.

13 फेब्रुवारी

विचार केला. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे 27 मार्चची तारीख घेऊन ठेवली आहे. नंतर दीड महिना आमच्याकडे आराम, आणि मग कायमचीच आमच्याकडे. असा सगळा प्लॅन आहे. पण गाडीतच चढता येत नसेल तर आणणार कशी? म्हणजे सगळं अडलंय ते गाडीच्या उंचीवर.

हे कळल्यावर हलकं वाटलं. प्रॉब्लेम टेक्निकल आहे. बायकांचे रुसवेफुगवे आपल्याला कळत नाहीत, इंच कळतात.

टेपनं मोजलं. जमिनीपासून सीटची कड साडेएकोणीस इंच.

14 फेब्रुवारी. खापरखेडा, ऑफिस

डबा खायच्या सुटीत ड्रॉइंग काढलं. साइड एलिव्हेशन, शाईत. गाडी, दार, आई. आईचा गुडघा अंदाजानं सतरा इंचांवर धरला. शेजारच्या बोर्डवरचा भैयाजी डोकावून म्हणाला, 'काहून एवढा आटापिटा करून राह्यला गा? एक लाकडी पाट ठेव नं चढाले.'

भैयाजी वीस वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंग गिरवणारा ट्रेसर आहे आणि ट्रेसरच राहणार. पाटावर पाय देऊन आई गाडीत चढतेय आणि गल्ली बघतेय. शोभेल का?

गाडीच खाली घ्यायची. निश्चय. बजेट : बोनसमधले तीनशे उरलेत, त्यात बसवायचं.

19 फेब्रुवारी, रविवार

गड्डीगोदामला ताराचंद मिस्त्रीकडे. टाचणी ठेवायला स्वच्छ जागा नाही एवढं कळकट गॅरेज, पण हात चांगला. त्याला ड्रॉइंग दाखवलं. त्यानं उलटं धरून पाहिलं. म्हणाला, 'साब, नागपूर में लोग गाडी उठवाते. तुम बिठा रहे.' नव्या कोऱ्या गाडीला हात लावायला तयार होईना. पहिली सर्व्हिसिंग तरी होऊ द्या म्हणाला. मी सांगितलं, आईचा प्रश्न आहे. तेव्हा उठला.

मागच्या कमानीतला, म्हणजे चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगमधला, एकेक पाटा काढला. दोन्ही पाटे कागदात गुंडाळून दिले, म्हणाला, 'संभालके रखो, वापस लगेंगे.' हा माणूस जरा निराशावादी वाटतो.

आता सव्वाअठरा इंच. फक्त मागून. गाडी थोडी आकाशाकडे बघितल्यासारखी दिसते. पुष्पलता म्हणाली, कुत्रं बसल्यासारखी दिसते. तिला लाइन कळत नाही.

26 फेब्रुवारी, रविवार. उमरेड

पुष्पलताला घेऊन गेलो. रस्त्यात मागून दोनदा दणका बसला, कारण रस्ता वाईट.

आई मागावर होती. बाबा गेल्यापासून बाबांचा माग तीच चालवते. दिसत नसताना कशी विणतेस विचारलं तर म्हणते, 'डोये कायले पाह्यजे? बोटाईले दिसते.' पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा चांगला दोन फूट खोल. मला बघून पाय वर घेतले आणि उठून बाहेर आली. हा सवयीचा भाग. सवयीचं चढणं वेगळं, गाडीचं वेगळं.

तिला ओट्यावर उभं केलं आणि टेप लावून दाखवला. म्हणालो, आई, सव्वाअठरा! सव्वा इंच कमी! तिनं बॉनेटवरून हात फिरवला, जसा कापडाच्या ठाणावरून फिरवते तसा, सावकाश. 'चांगली हाय,' म्हणाली. मग म्हणाली, 'अजून उंचच वाटते गा मले.'

बरोबरच आहे. सव्वा इंच म्हणजे काहीच नाही. ती झोपते ती बाज मोजली. चौदा इंच. तिथून ती रोज उठते-बसते. म्हणजे लक्ष्य ठरलं. चौदा.

निघताना पुष्पलता आणि आई बराच वेळ आत बोलत होत्या. मी बाहेर मडगार्ड पुसत होतो. येताना पुष्पलता एक शब्द बोलली नाही. गाडी लागली असावी.

28 फेब्रुवारी

संकल्प :
रोज अर्धा तास सस्पेन्शनचा अभ्यास.
पुष्पलताशी जास्त बोलणे.
पान बंद.

1 मार्च

पान खाल्लं. साहेबांनी दिलं, नाही कसं म्हणणार.

5 मार्च, रविवार

ताराचंदकडे दुसरी बैठक. पुढच्या स्प्रिंगचा एकेक वेढा कापायचा आणि मागचा आणखी एकेक पाटा काढायचा, असं मी ठरवून गेलो होतो. कापताना ताराचंद दोनदा थांबला. म्हणाला, 'साब, पाटा वापस लगता, काटा हुआ नहीं जुडता.' मी म्हणालो, काप. त्यानं कापलं. कापलेले वेढे हातात घेतले तेव्हा अजून गरम होते. खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो, ते रुमालात गुंडाळून घरी आणले. आठ वर्षं वाट पाहिली होती या गाडीची.

पण गाडी सपाट दिसायला लागली. साडेसोळा इंच. वळणावर कशी चिकटून जाते! उलट मला वाटतं, कंपनीनं मुळात अशीच करायला हवी होती. कंपनीला ड्रॉइंग पाठवावं का?

बजेटमधले दोनशे दहा गेले.

7 मार्च. सकाळी 8

गल्लीतल्या गटारावरच्या फरशीला खालून घासली. थोडीच.

सायलेन्सर थोडा वाकडा. आवाज आता भारदस्त येतो.

9 मार्च

धारपुरेसाहेबांना रामदासपेठेत एका लग्नाला जायचं होतं. त्यांची जीप बिघडली होती. मी तत्परतेनं माझी गाडी पुढे केली. बसल्यावर साहेब म्हणाले, सोनकुसरे, यात बसायचं की लोळायचं? लग्नघरी उतरताना त्यांची टोपी दाराला लागून पडली आणि वर ते स्वतःही जवळजवळ खाली बसले. हात देऊन उठवलं. घरी जाताना रिक्षानं गेले. बहुतेक लग्नघरून घर जवळ असावं.

असो. गाडी साहेबांसाठी नाहीच आहे. गाडी आईसाठी आहे. हे आज पहिल्यांदा इतकं स्वच्छ लिहिलं गेलं, बरं वाटलं.

12 मार्च, रविवार. उमरेड

एकटाच गेलो. पुष्पलताचं डोकं दुखत होतं.

उमरेडच्या अलीकडे छोट्या लाइनचं रेल्वे फाटक आहे. रस्ता तिथं चढून रुळांवर जातो आणि उतरतो. चढावर गाडीचं पोट घासलं, खर्रर्र असा आवाज, पण निघाली. फाटकवाल्या रुपरावनं हिरवं निशाण बगलेत धरून खाली वाकून पाहिलं. 'साहेब, पोट खरचटून राह्यलं तिचं.' मी हात हलवून पुढे गेलो.

आईला टेप दाखवला. साडेसोळा. तिला आकडा दिसत नाही म्हणून तिचं बोट धरून टेपवर ठेवलं, इथून इथपर्यंत. ती म्हणाली, 'होय गा, कमी झाली.' माझा चेहरा फुलला असणार, कारण तिनं माझ्या गालाला हात लावला. मग हात काढला.

मला वाटलं, आता बसेल. ती दाराशी उभी, मी दाराशी उभा. मी सांगत होतो की पुढच्या वेढ्यामुळे मागचा पाटा कसा बॅलन्स होतो. ती ऐकत होती. नंतर म्हणाली, 'उन्हाळा लागला बाबन. उन्हाळ्यात डोया कापत नाही म्हनते लोक.' मी सांगितलं, ते जुनं झालं, 27 तारीख पक्की आहे. म्हणाली, 'बरं.'

जाताना तिनं सुकवलेल्या बोरांची पिशवी दिली आणि विचारलं, 'साहेब बरे हायेत नं तुहे?'

एवढ्या म्हातारीला साहेबांची आठवण राहिली! साहेबांना सांगायला हवं.

13 मार्च

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कोण आई? मी म्हणालो, पूजेच्या दिवशी आरती घेऊन उभ्या होत्या त्या. साहेब म्हणाले, अच्छा, त्या गावाकडच्या.

तिथंच खुलासा करायला हवा होता. पण साहेबांच्या टेबलाशी तीन माणसं बसली होती, आणि माझ्या हातात बॉयलर हाउसचं ट्रेसिंग होतं.

16 मार्च

आज जेवण अर्धं टाकून उठलो. पित्त.

आई नेहमी म्हणायची, बाबन, तू कापडाले डाग पाडत नाहीस, तू हुशार होशील. लहानपणी मागासाठी सुताच्या कांड्या भरताना माझे हात स्वच्छ असायचे म्हणून. हे मध्येच का आठवलं कोण जाणे. ऑफिसात सगळ्यांना मी सांगितलंय की वडील कापडाच्या धंद्यात होते. खोटं नाही.

17 मार्च

आईला न्यायला कधी जायचं ते ठरवलं. 27 ला सकाळी. बारापर्यंत दवाखान्यात पोचायचं, दोनला ऑपरेशन. भागीरथाला पोस्टकार्ड टाकलं की मी आईला घेऊन येतो, तुम्ही कोणी त्रास घेऊ नये. गाडीची उंची चौदा इंच होणार आहे हेही लिहिलं, म्हणजे ती उमरेडला गेली की आईला सांगेल.

19 मार्च, रविवार

तिसरी बैठक. शेवटची.

स्प्रिंगमध्ये आता कापायला फार उरलेलं नाही. ताराचंदनं कमानीला ठोकळे लावून मागचा भाग आणखी खाली घेतला, पुढचा अर्धा वेढा कमी केला. मग मागच्या सीटचे पाय कापले आणि सीट जवळजवळ तळाला टेकवली. काम झाल्यावर मजुरी घेतली आणि त्यातले वीस रुपये परत दिले. म्हणाला, 'माँ के हाथ पे रखना.'

चौदा इंच. टेप तीनदा लावला. चौदा, चौदा, चौदा आणि एक सूत.

बजेट संपलं. वर चाळीस गेले. पण आईसाठी पैसा मोजायचा नसतो.

20 मार्च

टायर मडगार्डला घासतो. फक्त वळताना.

21 मार्च

आणि सरळ जाताना.

22 मार्च. संध्याकाळी

पुष्पलताला मागच्या सीटवर बसवून गल्लीतून फिरवलं. तिचे गुडघे हनुवटीला लागले. उतरल्यावर ती गाडीशेजारी ओट्यावरच बसली आणि रडायला लागली. मी विचारलं, लागलं का? तिनं मान हलवली.

म्हणाली, 'तुमाले खरंच नाही कळत का हो? त्या दिवशी आत्याबाई भल्या पहाटेपासून ताट घेऊन उभ्या होत्या. तुमी साहेबाले बसवलं आनि मायची वळखच नाही दाखवली. तुमाले लाज वाटू नये म्हनून त्यायनं गुडघ्याचं नाव सांगितलं. आनि तुमी गाडी कापत बसले.'

मी शांतपणे समजावलं. एक, आईनं स्वतः गुडघे म्हटलं आहे. दोन, आईला राग आला असता तर ती बोलली असती, ती सरळ आहे. तीन, चौदा इंच झाल्यावर हा विषय उरतच नाही. पुष्पलता ऐकत होती की नाही माहीत नाही. पोळ्या करपल्या.

बायका भावनाप्रधान असतात.

23 मार्च

झोप नाही लागली. उकाडा.

25 मार्च

होळीची राख अजून गल्लीत. पोरांनी गाडीच्या काचेवर रंगानं बदक काढलं. पुसलं. बदकाची चोच निघत नाही.

आज टेबलाशी साहेब एकटे होते. पाच मिनिटं. मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब, त्या दिवशीच्या त्या. साहेब म्हणाले, हं? मी म्हणालो, टर्बाइन हाउसचं ड्रॉइंग आज संध्याकाळपर्यंत होईल.

सोमवारनंतर सांगीन. आई घरी असली की साहेबांनाच चहाला बोलावीन आणि समोरासमोर सांगीन. हाच योग्य मार्ग.

26 मार्च, रविवार

तयारी. मागच्या सीटवर उशी. पाण्याची सुरई. आईसाठी काळा चष्मा. हवा भरली, पाच पौंड जास्त, म्हणजे फाटकावर अडचण नको. आईची खोली लावली. म्हणजे मागचीच खोली. पण पुढे बैठकीत नंतर कॉट टाकता येईल.

पुष्पलताला म्हणालो, चल उद्या. ती म्हणाली, 'तुमी एकटेच जा. एकट्यानंच जावं लागते.'

मी सकाळी सहाला निघणार. मन प्रसन्न आहे. नाही, खरं लिहायचं. टेप खिशात आहे का ते तीनदा पाहिलं.

27 मार्च, सोमवार. दुपारी 12. उमरेड

आईच्या घराच्या ओट्यावर बसून लिहितोय. दाराला कुलूप आहे.

सकाळी आठला फाटकाशी पोचलो. रुपराव निशाण हलवत धावत आला, 'नका आनू साहेब, नका आनू!' पण मी चढावर वेग धरला होता. पुढची चाकं रूळ ओलांडून गेली आणि गाडीचं पोट मधोमध लाकडी स्लीपरांवर बसलं. मागची चाकं गरगरा फिरतात, गाडी जागची हलत नाही. साडेआठच्या छोट्या गाडीची वेळ. रुपराव कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, 'एवढी खाली कोन करते गा गाडी? आता रेल्वेले काय सांगू, बदक अडलं म्हनून?'

तेवढ्यात उमरेडकडून एस.टी. आली आणि फाटकाशी थांबली. माझ्यामुळे तिला पुढे जाता येईना. कंडक्टरनं सगळ्यांना उतरवलं. तीस-पस्तीस माणसं. अर्धी नागपूरच्या बाजूला जाऊन डिकीला भिडली, अर्धी बाजूनं. मी स्टिअरिंगवर. 'एक, दोन, तीन, लाव गा जोर!' खालून काहीतरी फाटत गेल्याचा आवाज झाला आणि गाडी उमरेडच्या बाजूला उतरली.

आभार मानायला उतरलो. डिकीच्या बाजूनं माणसं हात झटकत येत होती. त्यांत आई होती. पदर खोचलेला, दोन्ही तळव्यांना गाडीची धूळ. मागे भागीरथा, हातात दवाखान्याची पिशवी. मी नेणार असं कळवूनही दोघी एस.टी.नं निघाल्या होत्या.

आईनं जवळ येऊन माझा चेहरा चाचपला. म्हणाली, 'लागलं तर नाही नं तुले?'

मी म्हणालो, आई, चौदा इंच झाली.

हेच म्हणालो. ती गाडीकडे तोंड करून उभी राहिली. काय दिसलं असेल तिला, पांढरा धब्बा. वाकून तिनं हातानं सीट चाचपली, खाली, जवळजवळ जमिनीपाशी. 'लय खाली केली गा,' म्हणाली. 'एवढी नव्हती पाह्यजे.' आणि माझ्या शर्टाची कॉलर नीट केली.

कंडक्टरनं घंटी मारली. भागीरथा म्हणाली, दादा, उशीर होते, बाराच्या आत पोचाचं हाय. आई एस.टी.कडे वळली. लोखंडी दांडा धरला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वर गेली. दुसरी पायरी, तिसरी. ती पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. टेप खिशात होता, काढावा लागला नाही. वर पोचल्यावर वळून तिनं भागीरथाला हात दिला आणि तिला वर ओढून घेतलं.

दार लागलं. गेली.

मी रुळांपाशी उभा राहिलो. सुटीच्या दिवशी शाळेत गेल्यासारखं झालं. छोटी गाडी आली, शिटी मारत गेली, तिच्यातली माणसं माझ्याकडे बघत गेली.

ढकलायला हात लावलेला एक म्हातारा एस.टी.तला नव्हता, पायीच उमरेडच्या बाजाराला चालला होता, डोक्यावर वांग्यांची पाटी. म्हणाला, नेता का. नेलं. मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसला, वांगी मांडीवर. थोड्या वेळानं म्हणाला, 'साहेब, नवी गाडी दिसते. काहून एवढी खाली केली?' मी म्हणालो, आईसाठी. चढायला सोपं जावं म्हणून. तो म्हणाला, 'मंग आज मायले काहून नाही बसवलं?'

मी म्हणालो, तिला बैस म्हणायचं राहून गेलं.

तोंडातून निघून गेलं आणि मग मला ते ऐकू आलं. पूजेच्या दिवशी पुष्पलताला पाठवलं. पहिल्या खेपेला सव्वाअठरा सांगितलं, दुसऱ्या खेपेला साडेसोळा सांगितलं. दाराशी ती उभी, मी उभा. आणि आज, चार तासांपूर्वी, मागचं दार तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. आई, बैस. चार अक्षरं फक्त. ती वाट पाहत होती. मला फार वाईट वाटतंय. गाडीचं काही नाही. साहेबांसमोर मी तिला आई म्हणालो नाही आणि तिनं माझ्यासाठी गुडघे दुखवून घेतले.

म्हाताऱ्यानं उतरताना दोन वांगी सीटवर ठेवली. नको म्हणालो तर म्हणाला, मायले द्या.

दहा वाजता गाडी घेऊन परत फाटकावर गेलो. नागपूर पलीकडे, मी अलीकडे. रुपरावनं फाटकच खाली केलं आणि त्याच्यावर हात टेकून उभा राहिला. म्हणाला, साहेब, तुमी या, गाडी नाही. त्याचं बरोबर आहे. खालून तेल गळतंय. गाडी इथं आईच्या दारात आणून लावली. शेजारच्या बायजाबाईंनी आईचं नाव घेऊन विचारलं, 'तुळसाबाई तं सकायीच गेल्या. तुमी कोन?' त्या नवीन राहायला आल्यात, मला ओळखत नाहीत. मी म्हणालो, मुलगा. त्या म्हणाल्या, मुलगा हाय हे माहीत नव्हतं.

पुढची एस.टी. दीडला. रामदासपेठेत पोचायला साडेतीन होतील. दोनला ऑपरेशन. मी पोचेन तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी असेल. पलंगाशी कोण येऊन उभं राहिलंय ते तिला दिसणार नाही. मला तोंडानं सांगावं लागेल.